साहेबाचा पाय

बाटल्या टाकायच्या दिवशी तो सकाळी पावणेआठला खाली उतरायचा. योकोहामातल्या आमच्या गल्लीच्या कोपऱ्यावर कचऱ्याची जागा आहे, वर कावळ्यांसाठी जाळी. डबे-बाटल्या पारदर्शक पिशवीत भरायच्या, जाळीखाली सारायच्या, विषय संपला. बाकी माणसं एवढंच करतात. हा मात्र पिशवीतल्या बाटल्या एकेक काढून कठड्यावर उभ्या करायचा, खिशातून जेवायची काडी, ती चॉपस्टिक, काढायचा आणि प्रत्येकीच्या पोटावर टक करून मारायचा. ऐकायचा. मग रांग बदलायचा. सोया सॉसची इकडे, बिअरची तिकडे. सगळ्या मनासारख्या लागल्या की एकदाच डावीकडून उजवीकडे वाजवायचा, मान हलवायचा आणि सगळ्या परत पिशवीत भरून टाकून द्यायचा.

पहिल्या वर्षी गल्लीतल्या बायकांनी तक्रार केली. दुसऱ्या वर्षी त्याच बायका आपापल्या बाटल्या घेऊन त्याच्यासमोर रांगेत उभ्या राहायला लागल्या. एक म्हातारी तर लोणच्याची बरणी घेऊन यायची. ती तिला टाकायची नव्हतीच. नुसती वाजवून घ्यायची आणि घरी न्यायची.

माझं दुकान समोरच. मी शटर वर करता करता हे बघायचो आणि मनात म्हणायचो, हे येडं कुठनं आलं.

आलं होतं इंग्लंडमधनं. साडेसहा फुटाला दोन बोटं कमी, पाठीत वाकलेला, केस पांढरे आणि कायम काळा कोट, उन्हाळ्यातसुद्धा. त्याच्या बायकोच्या बहिणीचं कपडे धुवायचं दुकान आहे, त्याच्यावर हा राहायचा. तिथेच पुढच्या खोलीत जपानी पोरांना इंग्रजी शिकवायचा. शिकवायचा म्हणजे पोरांना टेबलं बडवायला लावायचा आणि त्या ठेक्यावर शब्द म्हणून घ्यायचा. पोरं ओरडत जिना उतरायची. बायको त्याची वारली होती. माझीही. पण या विषयावर आम्ही दोघं कधी बोललो नाही.

मी चौथी शिकलेला माणूस. पुण्याला भवानी पेठेत वाढलो, पंचविसाव्या वर्षी योकोहामाला आलो तो एका व्यापारी शेठच्या घरचा आचारी म्हणून. शेठ गेले, घर विकलं, मी राहिलो. स्वतःचं आठ टेबलांचं दुकान काढलं. जपानी गिऱ्हाइकाला नान आणि लाल रस्सा लागतो, तो मी करतो. स्वतःसाठी आमटी-भात. कुणाचा नोकर म्हणून मरायचं नाही हे ठरवलं होतं आणि तसा नाही मरणार. हे एवढ्यासाठी सांगतोय, की माझ्यासारख्या माणसाला कुणी येऊन चूक दाखवली तर काय होतं ते कळावं.

त्याने पहिल्याच दिवशी दाखवली. दुपारी अडीचची वेळ, शटर अर्धं खाली, मी संध्याकाळचा कांदा चिरत होतो. हा वाकून आत आला, तरी डोकं आपटलंच, आणि कोपऱ्यात बसून डोळे मिटून ऐकत राहिला. मग म्हणाला, “ताइशो, तुझा तिसरा घाव उशिरा पडतो.”

ताइशो म्हणजे लहान खाणावळीचा मालक, इथे सगळे तसंच म्हणतात. आमची दोघांची भाषा मोडकी जपानी. त्याची इंग्रजी मला येत नाही, माझी मराठी त्याला नाही. चाळीस-चाळीस वर्षं या देशात काढून दोघांनाही धंद्यापुरती आणि भांडणापुरती आली.

मी सुरी ठेवली. म्हटलं, “बारा वर्षं ताशा वाजवलाय मी. चाळीस ढोल माझ्या काडीवर चालायचे. मला उशीर शिकवतोस?”

“शिकवत नाही,” तो म्हणाला. “चांगलं आहे ते. सोडू नको. यंत्राला ते जमत नाही.”

मग त्याने विचारलं, काय शिजतंय. मी म्हटलं, तुझ्यासाठी काही नाही. आणि ताट वाढलं. चिंचगुळाची आमटी, भात, वर लिंबू. त्याने ती चमच्याने खाल्ली नाही, माझ्याकडे बघून हाताने खाल्ली, कोपरापर्यंत ओघळ. त्या दिवसापासून मी त्याला साहेब म्हणायला लागलो. निम्मा टोमणा होता तो.

पुढे सात वर्षं तो अडीचला यायचा. एकदम आत यायचा नाही. बाहेरून शटरवर बोटांनी पाच ठोके द्यायचा आणि थांबायचा. सहावा मी आतून डावाने कढईवर मारायचो, मग तो वाकून आत. मी हातातलं काम न सोडता उशीर केला तरी तो उभाच. पावसातसुद्धा. एकदा मी मुद्दाम मारला नाही, बघू काय करतो म्हणून. दहा मिनिटं उभा होता. मी शेवटी मारला तेव्हा आत येऊन म्हणाला, “आजचा फार छान पडला. वाट बघायला लावलीस.” याला काय म्हणणार?

त्याची गोष्ट मला तुकड्यातुकड्यानं कळली, आमटीबरोबर. उत्तरेकडचं गिरण्यांचं गाव, गिरण्या बंद पडलेल्या. चार पोरं एका बंद गिरणीच्या तळघरात वाजवायची. गाणारा एक, तारेची वाद्यं घेतलेले दोघे, आणि हा ढोलांवर. गोरे लोक चार-पाच ढोल पुढ्यात मांडून बसतात आणि वर झांजा लटकवतात, ते आपण बघतो. याच्याकडे झांज नव्हतीच. त्यावर तिकडच्या पेपरात लिहून आलं म्हणे, की हा नवा विचार आहे, चकाकी नाकारलेला वादक, उजाड काळाचा आवाज, असं बरंच काही. दोन तबकड्या निघाल्या. पोरं त्याची नक्कल करायला आपापल्या झांजा काढून ठेवायला लागली.

“आणि खरं काय होतं?” मी विचारलं.

“चोरीला गेली होती,” तो म्हणाला. “गाडीतून. मी तिची वाट बघत होतो.”

मी इतका हसलो, की गॅसवरची फोडणी जळली. तोही हसला. आणि हसता हसता त्याचा उजवा पाय टेबलाखाली चालूच होता. तो पाय कधी थांबायचा नाही. जेवताना, बोलताना, लाकडी जमिनीवर टाच, टाच, टाच, आणि माझ्या स्टीलच्या वाट्या टेबलावर सरकायच्या. मी ओरडायचो, “पाय आवर! आमच्यात बसून पाय हलवत नाहीत. घरातली लक्ष्मी जाते.”

“माझी कधीच गेली,” तो म्हणायचा, आणि दोन मिनिटं आवरायचा.

त्या पायाचं कारण मी डोळ्यांनी पाहिलं होतं. एकदा तो तापाने पडला, मी डबा घेऊन वर गेलो. खोलीत ढोल एकही नाही, भिंती कागदासारख्या, कोण वाजवू देणार. चार बसायच्या गाद्या स्टुलांवर मांडलेल्या, त्या हाताच्या. आणि खाली भिंतीला टेकवून झोपायची गादी गुंडाळून दोरीने बांधलेली, पायाच्या मोठ्या ढोलाऐवजी, तिच्यापुढे एक लोखंडी पेडल. पाय दाबला की डोक्याला कापडाचा गोळा असलेला दांडा पुढे जाऊन गादीवर आपटायचा. अंगात ताप असताना त्याने मला बसून दाखवलं. हात उगाच इकडेतिकडे, पण तो पाय! धप, धप, मग एक जागा रिकामी, मग धप. खालच्या दुकानात बसलेल्या मेहुणीला पत्ता नाही.

“हात सगळ्यांचे चांगले असतात,” तो म्हणाला. “लोक पायावर नाचतात.”

हे लक्षात ठेवा. मला ठाऊक होतं. मला सगळं ठाऊक होतं.

त्याचा धंदा कसा बसला तेही त्याने त्याच दिवशी सांगितलं. तिसऱ्या तबकडीच्या वेळी गाणाऱ्याने एक पेटी आणली. खोक्याएवढी, वर लाल दिवे. ती आपली आपण ठेका धरायची. सगळे म्हणाले, बघ, ही चुकत नाही. काही दिवस याला त्या पेटीबरोबर वाजवायला लावलं. तिच्याशी जुळवून घे म्हणाले. एका कार्यक्रमात, भर गर्दीसमोर, याने दोन्ही काठ्या त्या पेटीवर ठेवल्या, उठला आणि मागच्या दाराने निघून गेला. पेटी वाजत राहिली. लोक नाचत राहिले. कुणाला कळलंसुद्धा नाही. “ते मला बाहेर रस्त्यावर ऐकू येत होतं,” तो म्हणाला.

पुढे त्याचे सोबती पेटीवर मोठे झाले. आणि हा जपानला आला. का, तर ती पेटी जपानमध्ये तयार होते, असं तिच्या पाठीवर छापलेलं होतं. तो कारखाना बघायचा होता म्हणे याला. पुढे काय करणार होता, दगड मारणार होता की काय, ते त्यालाही माहीत नव्हतं. कारखाना काही सापडला नाही. टोकियोतल्या एका वाद्यांच्या दुकानात ती पेटी मांडलेली दिसली आणि ती कशी चालते हे समजावणारी मुलगी तिथे उभी होती. रोज जाऊन तो तिला तेच तेच समजावायला लावायचा. तिच्याशीच लग्न केलं.

एवढ्या सगळ्यात तो मला कधी वाकडा शब्द बोलला असेल तर शपथ. बोललो तो मीच.

टोकियोत, तोयोसुला माझा मुलगा कॉम्प्युटरच्या कंपनीत आहे. तिथे पुण्या-मुंबईची पोरं पुष्कळ. त्यांनी ठरवलं, या वर्षी गणपतीची मिरवणूक काढायची, खऱ्या ढोल-ताशाची. परवानगी मिळाली अर्ध्या तासाची. पोरांनी फोनवर बघून बघून वाजवायला सुरुवात केली होती, ती ऐकून गणपती उठून गेला असता. मुलगा म्हणाला, “बाबा, तुम्हीच या आता.” मी दोन वेळा नाही म्हटलं, तिसऱ्यांदा गेलो. दर रविवारी दुपारी, तामा नदीच्या काठी, रेल्वेच्या पुलाखाली. वरनं गाड्या जातात, खाली कितीही बडवा, कुणी बोलत नाही. पुण्याहून मागवलेले आठ ढोल, तीन ताशे. पहिल्याच रविवारी मी वाद्यपूजन केलं. ढोलाच्या चामडी पानाला कुंकू, जे पुढे दर रविवारी लावत राहिलो, नारळ, आणि सगळ्यांना सांगितलं, चपला लांब काढायच्या, ढोल ओलांडायचा नाही, ढोलावर बसायचं नाही, पाय लागला तर नमस्कार करायचा. पोरं शिकलेली, पण ऐकणारी. “हो काका, हो काका.”

किती वर्षांनी माझ्या काडीवर माणसं चालत होती. अठ्ठावीस-तीस वर्षांचे इंजिनिअर, मोठमोठ्या पगारांचे, आणि मी काडी उचलली की श्वास धरून उभे. खोटं कशाला सांगू, मला ते फार आवडत होतं.

साहेबाला मी बोलता बोलता सांगितलं होतं. तो आला. बांधावर बसला, कोट घालून, चार रविवार नुसता ऐकत. पाचव्या रविवारी खाली उतरून मला म्हणाला, “ताइशो, मला घेशील?”

मी त्याला ढोल बांधला. कमरेला दोरी पुरेना, इतका उंच. बूट काढले त्याने, रांगेत शेवटी उभा राहिला. आणि वाजवला. ढोलावर जेवढं मारायचं तेवढं कुणीही मारतो. याने मारायचं ठेवून दिलं. सगळी रांग पडायची तिथे हा एक जागा सोडायचा, आणि पुढचा ठोका असा टाकायचा, की पोटात खड्डा पडावा. पोरं वेडी झाली. तिसऱ्या फेरीला सगळी त्याच्याकडे बघून वाजवत होती. माझ्या काडीकडे नाही.

“साहेब-सान, पुन्हा! पुन्हा एकदा!”

ऑफिसात सगळ्यांना सान लावायची सवय, म्हणून साहेब-सान. एक पोरगं माझ्याकडे धावत आलं, “काका, मिरवणुकीत साहेब-सानचाच हात घेऊ या ना, त्यांचाच ठेका. आपला थोडा जुना वाटतो.”

मी हसून म्हटलं, “बघू.”

पुढचा रविवार. मी पाणी प्यायला नळावर गेलो होतो. परत आलो तर पोरांचं कोंडाळं. मधे साहेब एका घडीच्या स्टुलावर बसलेला. एक ढोल आडवा केलेला, दोन्ही बाजूंनी पिशव्या लावून, घरंगळू नये म्हणून. हातात टिपरू घेऊन तो दुसरा ढोल वाजवत होता, आणि त्या आडव्या ढोलावर टाचेने मारत होता. पोरांना दाखवत होता तो, आपलं खरं काम. मधली सुट्टी होती म्हणून बूट घातलेले, तसाच बसला होता. धप, धप, रिकामी जागा, धप. वरनं गाडी गेली तरी तो ठेका ऐकू येत होता. त्याचा चेहरा मी तसा कधी पाहिला नव्हता. शाळेतल्या पोराचा होता तो चेहरा. आणि पोरं टाळ्यांनी साथ देत होती, माझा मुलगासुद्धा.

मी कोंडाळ्यात शिरलो आणि ताशाची काडी त्याच्या नडगीवर मारली. जोरात नाही. पण मारली.

“देवाला लाथ मारतोस?” जपानीत म्हटलं, सगळ्यांना कळेल असं. “तुझ्याकडे चालत असेल. इथे नाही. ऊठ. चालता हो.”

मुलगा हळूच म्हणाला, “बाबा, त्यांच्यात पायानेच वाजवतात. त्यांना काय माहीत?”

“तू मधे बोलू नको.”

साहेबाने खाली बघितलं. पूजेचं कुंकू त्याच्या बुटाच्या टाचेला लागलेलं, लाल. ते बघितल्यावर त्याच्या चेहऱ्यावर जे आलं, ते मी विसरू शकत नाही. त्याने बूट काढले, खिशातला रुमाल काढला, टाचेचं कुंकू पुसलं, रुमालाची घडी घालून छातीच्या खिशात ठेवली. मग ढोलापुढे इथल्या रीतीनं कमरेत वाकला, खोल, कितीतरी वेळ. माझ्यापुढेही वाकला. आणि बूट हातात घेऊन, मोज्यांवर, गवतातनं बांध चढून गेला.

मुलाला वाटलं, मी धर्माला धरून रागावलो. पोरांना वाटलं, काका जुन्या वळणाचे. साहेबाला वाटलं, त्याने देवाचा अपमान केला. खरं काय ते एकट्या मला ठाऊक होतं. मी त्याची गुंडाळलेली गादी पाहिली होती. तो पाय म्हणजे त्याचा हात आहे, हे मला त्या पुलाखाली उभ्या कुणाहीपेक्षा जास्त कळत होतं. मला कारण हवं होतं, त्याने आणून दिलं. देवाला मी मधे घातलं, बस.

मिरवणुकीच्या दिवशी तो आला होता. फुटपाथवर, गर्दीच्या मागे, सगळ्यांच्या वर त्याचं डोकं. ढोल जवळ आले तसं मी पाहिलं, बूट त्याच्या हातात होते. सप्टेंबरचं ऊन, डांबर तापलेलं आणि हा मोज्यांवर उभा. एक हाक मारली असती तर आला असता. मी काडी वर केली आणि दुसरीकडे बघून वाजवत पुढे गेलो. आमचा हात त्या दिवशी बिनचूक झाला. सगळे म्हणाले, काका, एकदम परफेक्ट.

आठ दिवसांनी, दुपारी अडीचला, शटरवर पाच ठोके पडले.

मी कढईपाशीच होतो. डाव हातात होता. चिंचेचा कोळ नुकताच घातला होता. शटरखालनं त्याचे पाय दिसत होते, आणि ते पहिल्यांदाच हलत नव्हते. मी मनात म्हटलं, थांबेल. दहा मिनिटं थांबतोच तो. आणि खरंच थांबला. दहा, पंधरा. मी म्हटलं, आज माफी मागायला आलाय तर जरा उभा राहू दे. माफी त्याने मागायची होती असं मी तेव्हासुद्धा स्वतःला सांगत होतो, बघा. आमटी उकळली. मी गॅस बारीक केला. पुन्हा बघितलं तर पाय नव्हते.

पुढे होऊन शटर वर करायला किती वेळ लागतो? मी कांदा चिरायला घेतला.

मग तो आलाच नाही. बाटल्यांच्या दिवशी बायका कठड्यापाशी उभ्या राहायच्या आणि थोड्या वेळाने निघून जायच्या. मी काही विचारलं नाही. जानेवारीत त्याची मेहुणी स्वतः दुकानात आली, नान बांधून न्यायला. तिच्याकडून कळलं, साहेब इंग्लंडला गेला. जुन्या सोबत्यांनी बोलावलं होतं. चाळीस वर्षांनी सगळे पुन्हा एकत्र येऊन त्याच गावात वाजवणार, तेच चौघे. तिच्या म्हणण्याप्रमाणे पत्र वाचून तो दोन दिवस जेवला नव्हता, आनंदाने. “तुम्हाला सांगून गेला असेल ना?” ती म्हणाली. मी नान मोजत राहिलो.

फेब्रुवारीत एका रविवारी मुलगा नातीला घेऊन आला. फोन पुढे करून म्हणाला, “बाबा, साहेब-सान. कुणीतरी व्हिडिओ टाकलाय.”

मोठा हॉल, भरलेला, म्हातारी माणसं आणि तरुण पोरंही. साहेब मागून आला. स्टेजच्या कडेला थांबला, वाकला, बूट काढले. लोकांना वाटली काहीतरी गंमत, ते हसले. तो ढोलांपाशी आला, मोठ्या ढोलाला हात लावला, तो हात कपाळाला लावला. आपण लावतो तसा. मग बसला. काहीतरी चुकतंय असं मला वाटत होतं. पायाचा तो मोठा ढोल जमिनीवर नव्हताच. स्टुलावर चढवून बाजूला ठेवलेला. हात मोकळा झाला की तो मधूनच त्याच्यावर एक ठोका टाकायचा. खाली मोज्यातले दोन पाय एकमेकांशेजारी ठेवलेले. स्थिर.

आणि तरीही तो पाय ऐकू येत होता. धप, धप, धप, धप. सारखा, कुठेही जागा न सोडता.

“हा आवाज कुठनं येतोय?” मी विचारलं.

मुलाने चित्र मोठं केलं. साहेबाच्या उजवीकडे स्टँडवर एक लहानशी पेटी, लाल दिवा उघडमीट करणारी. “पायाचं काम मशीन करतंय, बाबा. इथे खाली लोकांनी लिहिलंय. यांनी पायाने वाजवायला नाही म्हटलं म्हणे. का, ते सांगितलं नाही. मग बाकीच्यांनी ती पेटी लावली. पण लोकांना आवडलंय. म्हणतात, काय कल्पना आहे, माणूस आणि मशीन शेजारी शेजारी.”

ज्या पेटीमुळे तो सगळं सोडून भर कार्यक्रमातून उठून गेला, तिच्याशेजारी तो सबंध दीड तास बसला. उठला नाही. का, तर योकोहामाच्या एका आचाऱ्याने सांगितलं होतं, की ढोलाला पाय लावायचा नसतो.

मी मुलाला म्हटलं, “त्याला काहीतरी पाठव.” मेहुणीकडून नंबर आणला. मुलगा अंगठे तयार ठेवून बसला. “बोला बाबा. काय लिहू?”

मी विचार केला. काय सांगायचं ते सरळ होतं. पाय लाव, साहेब. मी खोटं बोललो. तुझ्या पायात देव होता आणि मला तो सहन झाला नाही. एवढंच. पण समोर मुलगा बसलेला. नात बसलेली, तिला मराठी कळतं, उत्तर जपानीत देते एवढंच. त्यांच्यासमोर हे कसं उच्चारू?

“लिही,” मी म्हटलं, “आमटी तीच आहे. अडीचला ये.”

“एवढंच?”

“एवढंच लिही म्हटलं ना.”

दुसऱ्या दिवशी उत्तर आलं. मुलाने वाचून दाखवलं. येतो. साकुरा फुलायच्या आत. आणि खाली, या वेळी वाट बघायला लावू नको.

तो आल्यावर मी सांगणार होतो. तोंडावर, दोघंच असताना. मार्चचे सगळे दिवस अडीचला मी कढईपाशी उभा होतो, डाव हातात घेऊन. साकुराचा, म्हणजे चेरीचा, बहर आला आणि गेलाही. एप्रिलच्या शेवटी मेहुणी दुकानात आली ती काळे कपडे घालून. साहेब तिकडेच, इंग्लंडमध्ये, आपल्या बहिणीच्या घरी, सकाळी उठला नाही. दुखणं वगैरे काही नव्हतं, म्हणाली. तिकीट काढलेलं होतं.

तिने एक गाठोडं आणलं होतं. त्याची खोली आवरताना सापडलं, वर चिठ्ठी होती, ताइशोला द्या. जायच्या आधीच बांधून ठेवलेलं. मी ते तिच्यासमोर सोडलं नाही. आत नेऊन सोडलं. ते लोखंडी पेडल होतं. पाय ठेवायची पट्टी घासून घासून चांदीसारखी झालेली, मधे टाचेच्या जागी खळगा. दांड्याला रुमाल बांधलेला, न धुतलेला, कुंकवाचा डाग तपकिरी पडलेला.

म्हणजे त्याने ते माझ्याकडे जमा केलं होतं. हत्यार खाली ठेवतात तसं.

आमच्याकडे दसऱ्याला हत्यारांची पूजा असते. ज्याचं त्यावर पोट, त्याने ते त्या दिवशी वापरायचं नाही, धुऊन पुसून पाटावर ठेवायचं. मी दरवर्षी सुरी, डाव, झारा आणि ताशाच्या काड्या ठेवतो. या वर्षी मधोमध ते पेडल ठेवलं. झेंडू मिळत नाही इथे, पिवळी शेवंती वाहिली. कुंकू लावलं. मुलगा बघत होता. नातीने जपानीत विचारलं, “आजोबा, हे काय आहे?”

“हे साहेबाचं,” मी म्हटलं. “पायाने वाजवायचं असतं.”

ती म्हणाली, “पण तुम्ही तर सांगता, वाद्याला पाय लावायचा नाही.”

मुलगा माझ्याकडे बघायला लागला.

“ते मी खोटं सांगितलं होतं,” मी म्हटलं. “सगळ्यांना नाही. त्याला.”

मग गुडघे दुखत होते तरी खाली बसलो. सगळ्या हत्यारांना हात जोडतात, तसे जोडले. आणि त्या पट्टीवर, टाचेच्या त्या खळग्यात, डोकं टेकवलं. माझ्या वजनाने पट्टी खाली गेली, दांडा पुढे झाला आणि पाटावर एकच ठोका पडला. उशिरा.